सुटायची वेळ

डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसलं की अंबादास येमुलच्या कानावर सारखा एकच शब्द पडायचा. सुटणं. "आमचं पेशंट कधी सुटणार?" "चार नंबरचे सुटले काय हो?" "नऊला सुटलो की पळायचं, शेवटची गाडी आहे."

सोलापूर हे मिलचं गाव. मिली बंद पडून पिढ्या लोटल्या, भोंगे भंगारात गेले, पण माणसांच्या बोलण्यातून भोंगा काही गेला नव्हता. किती तास काम केलं हे इथं कुणी सांगत नसे, किती वाजता सुटलो ते सांगत. शाळा सुटायची, पाळी सुटायची, आणि फार दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की तेही सुटायचं.

नऊ वाजले. दार उघडलं. त्याची बायको कलावती भिंतीला हात लावत बाहेर आली. अंबादासने उठून तिची पिशवी घेतली.

"कसं वाटतंय?"

"दमले."

रिक्षापर्यंतचं अंतर ते काय, पण तेवढ्यात ती तीनदा थांबली. मागून शेख सिस्टर आल्या. संध्याकाळच्या पाळीच्या त्या मुख्य. बोलायला मोकळ्या, पण आज त्यांनी आवाज खाली घेतला होता.

"काका, पाण्याचं वजन परत उरलंय. दीड किलो. डॉक्टर विचारत होते, मावशी पाणी जास्त पितात का? मशीन काढतं तेवढं काढतंच हो, पण वरून भर पडली तर मशीन तरी काय करणार?"

अंबादासने कलावतीकडे पाहिलं. ती रिक्षाच्या चाकाकडे पाहत होती.

*

तसं त्या वर्षी सगळं गावच दमलेलं होतं. चहाच्या गाड्यावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, जो तो म्हणायचा, काय की बाबा, अंगात त्राणच राहत नाही. कुणी उन्हाला नावं ठेवायचं, कुणी पाण्याला. त्यामागचं कारण लोकांना माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात सगळं छापून आलं होतं. पण छापून आलेली गोष्ट अंगाला जाणवणाऱ्या गोष्टीशी जोडायची सवय माणसाला नसते.

अंबादासला मात्र ती सवय असायला हवी होती. तो कालकेंद्राच्या सोलापूर शाखेत पर्यवेक्षक होता. गावातल्या झाडून सगळ्या घड्याळांनी केंद्राची वेळ बरोबर घेतली की नाही, एवढं बघायचं काम. त्यात मोबाईल आले, बसचे फलक आले, कारखान्यांची हजेरी आली, शाळांच्या घंटा आल्या.

घड्याळ कितीही चांगलं असलं तरी एकटं सोडलं की बहकतं. त्याच्या पोटात क्वार्ट्‌झचा बारीकसा स्फटिक थरथरत असतो, त्या थरथरीवर सेकंद मोजले जातात, आणि सोलापूरच्या उन्हात ती थरथर बदलते. म्हणून प्रत्येक घड्याळ अधूनमधून केंद्राला विचारतं, किती वाजले? केंद्र उत्तर देतं. प्रश्न जायला आणि उत्तर यायला लागलेला वेळ घड्याळ मोजतं, त्याचं निम्मं उत्तरात मिळवतं, आणि आपली चूक किती ते काढतं. पण चूक सापडली म्हणून काटा एकदम मागं ढकलत नाहीत. तसं केलं तर तेच मिनिट दोनदा येईल आणि आधी काय घडलं, नंतर काय घडलं, याचा घोळ होईल. म्हणून घड्याळ फक्त आपली चाल थोडी मंद करतं किंवा थोडी वाढवतं, आणि हळूहळू केंद्राशी जुळून जातं. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

ही न कळणारी सोय कुणाच्या तरी नजरेत भरली. दुपारी सौरवीज इतकी होते की घ्यायला कुणी नाही, आणि संध्याकाळी सगळं गाव एकदम दिवे-पंखे लावतं तेव्हा वीज पुरत नाही. मग दुपार लांबवली आणि संध्याकाळ आखडली तर? कायदा झाला, 'लवचीक तास' असं त्याला नाव मिळालं, आणि पहिला प्रयोग कापडाच्या गावांवर झाला. सकाळी दहापासून चारपर्यंत सोलापूरचा तास सहासष्ट मिनिटांचा. संध्याकाळी पाचपासून अकरापर्यंत चोपन्न मिनिटांचा. रात्री अकराला हिशेब पुन्हा देशाच्या घड्याळाशी जुळलेला. केंद्राने वेळ चुकवायची आणि गावातल्या सगळ्या घड्याळांनी इमानेइतबारे त्या चुकीशी जुळवून घ्यायचं. यंत्रमागवाले खूश होते. कामगार आठच तास भरत होता, पण कापड जास्त निघत होतं. संध्याकाळ मात्र कुणाच्या हाताला लागत नव्हती. स्वयंपाक होतोय तोवर जेवायची वेळ व्हायची आणि जेवण होतंय तोवर झोपायची.

दवाखान्यांना यातून सूट होती. यंत्रं आपापल्या आतल्या सेकंदावर चालतील असं कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं. अंबादासने ते कलम स्वतः वाचलं होतं, म्हणून त्या बाजूने तो निर्धास्त होता. वाचलेल्यावर त्याचा फार विश्वास.

*

रविवारी व्याही आले. राजेशम कोंडा, अक्कलकोट रोडला चोवीस मागांचा कारखाना, सेंटरच्या ट्रस्टवरही होते. अंबादासची मुलगी पद्मजा त्यांच्या घरात दिलेली. तीही बरोबर आली होती. गंमत म्हणजे राजेशमशेठही त्याच सेंटरचे पेशंट, दुपारच्या पाळीचे. पण त्यांना बघून कुणी पेशंट म्हटलं नसतं. जिना चढून आले तरी धाप नाही.

"काय व्याही, काय म्हणतंय तुमचं सरकारी घड्याळ?"

"चाललंय, शेठ."

"चालणारच. आमचे माग कसे दणदणीत चालायलेत त्याच्यावर. दुपारचा एक तास म्हणजे सोनं. हा, विहीणबाई, बसा, बसा, उठू नका. चेहरा किती उतरलाय तुमचा! एवढाच वेळ मशीनवर आम्ही पण असतो की. आमच्याकडे बघा."

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी," अंबादास म्हणाला.

"प्रकृती कसली? निग्रह! डॉक्टरने तीन पेले म्हटलं की तीन पेले. चौथा दिसला तरी तोंड फिरवायचं. आपल्या बायकांचं काय होतं, स्वयंपाकघरात असतात, माठ हाताशी, कोण बघतंय म्हणून घेतात घोटभर. जिभेवर ताबा पाहिजे, विहीणबाई. चोरून प्यायलेलं पाणी काट्यावर दिसतंच."

पद्मजाने पदराशी चाळा केला. लेकीच्या सासरचं माणूस, त्यातून लेकीसमोर काय बोलायचं? कलावती उठून आत चहा टाकायला गेली.

ते गेल्यावर अंबादास स्वयंपाकघरात गेला, आणि माठ रिकामा करून त्याने तिचं दिवसाचं पाणी एका काचेच्या बरणीत मोजून ओतलं. पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीने खूण केली. पेन्सिल काचेवर नीट उठेना, म्हणून दोनदा ओढली.

कलावती दारात उभी होती.

"खूण केलीत?"

"डॉक्टरांनी मोजायला सांगितलंय."

"मी पीत नाही हो."

"मग वजन कुठनं येतंय?"

आकडा त्याच्या बाजूने होता. काट्यावर दिसतं ते खोटं कसं म्हणायचं? माणूस तहानेला बळी पडतं, यात काय मोठं, असं त्याने स्वतःला समजावलं. रागावलो तर नाही ना आपण?

दुसऱ्या दिवसापासून कलावतीने एक नवीच रीत सुरू केली. तहान लागली की ती बाहेरच्या खोलीत पेला घेऊन यायची, त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पाणी पितेय." मग प्यायची. रिकामा पेला त्याला दाखवायची आणि आत जायची. तो पुस्तक वाचत असला तरी ती थांबायची, त्याने मान वर करेपर्यंत. तो म्हणाला, "असं काय करतेस?" ती म्हणाली, "नोंद राहू दे."

तरीही गुरुवारी वजन उरलंच.

*

पुढच्या पाळीला तिच्या पायात गोळे आले. शेख सिस्टरनी दार उघडून हाक मारली, "काका, आत या, पाय धरा जरा." एरवी नातेवाइकांना आत सोडत नसत. अंबादास चपला काढून आत गेला, तिच्या पोटऱ्या दाबत बसला. समोर यंत्राचा पडदा होता. लाल नळी जात होती, लाल नळी येत होती. पडद्यावर खाली दोन ओळी होत्या. चालू केल्याची वेळ पाच. बंद करायची वेळ नऊ.

तो पोटऱ्या दाबत राहिला. थोड्या वेळाने त्याचे हात थांबले.

"सिस्टर, हे नऊ कुणी घातले?"

"मीच. रोज घालते की."

"चार तास असं नाही घालता येत?"

"येतं ना. दोन्ही येतं. पण काका, चार तास घातलं तर बाहेरचे डोकं खातात. किती वाजता सुटणार, किती वाजता सुटणार. सोलापूरची माणसं तुम्ही! म्हणून पहिल्यापासून सुटायचीच वेळ घालायची पद्धत पडलीय इथं. पाच ते नऊ चारच होतात की."

"कुठल्या घड्याळाचे नऊ?"

सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

यंत्राचे सेकंद खरे होते, कलम खोटं नव्हतं. पण यंत्राला विचारलं होतं ते गावाचे नऊ कधी वाजतात एवढंच. संध्याकाळचे चार तास म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. दर पाळीला चोवीस मिनिटांचं रक्त न धुता राहत होतं, आणि त्याबरोबर निघायचं पाणीही अंगातच राहत होतं. आठवड्यात तीनदा. आठ खुर्च्यांवर आठ माणसं. दुपारच्या पाळीला याच पद्धतीने चार तास चोवीस मिनिटं मिळत होती.

अंबादासने कलावतीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

घरी जाताना रिक्षात त्याला गप्प बसवेना. तो सहसा इतकं बोलत नसे.

"कळलं! सापडलं बघ कारण. घड्याळाची चूक होती गं. तुझी दर पाळीला चोवीस मिनिटं कमी पडत होती. म्हणून वजन उरायचं. घड्याळाची चूक!"

"हं," कलावती म्हणाली.

"बरं वाटेल तुला आता. पूर्ण चार तास मिळाले ना, महिन्याभरात फरक पडेल."

"हं."

तो थोडा हिरमुसला. थकली आहे, त्याने मनाशी म्हटलं.

*

वाटलं तितकं ते सोपं निघालं नाही. पुढच्या पाळीला सिस्टरनी खरे चार तास घातले, तर गावाच्या घड्याळात साडेनऊ होत आले. आठातले पाच पेशंट बाहेरगावचे, त्यांची शेवटची एसटी नऊ वाजून दहाची. वळसंगच्या एका म्हाताऱ्याने सुई हातात असतानाच ओरडायला सुरुवात केली. "मला नऊला सोडा! तुमच्या चार तासाला काय करू? रात्रभर स्टँडवर झोपू?" एकटं यंत्र खऱ्या वेळेवर आणून भागत नव्हतं, कारण गाडी, रिक्षा, खानावळ, सगळं गावाच्या वेळेवर चालत होतं.

अंबादासने घरी बसून कागदावर आकडे मांडले. वाट एकच होती. दुपारची पाळी बाराला सुरू होऊन चारला सुटते. तिलाही खरे चार तास मोजले तर ती तीन-अडतीसला सुटायला हवी. मग खुर्च्या लवकर रिकाम्या होतात, साफसफाईला तेवढाच वेळ राहतो, संध्याकाळची पाळी पाचऐवजी साडेचारच्या सुमारास लागते, आणि बरोबर नऊला सुटते. कुणालाच चार तासांपेक्षा कमी नाही.

सेंटरचा व्यवस्थापक सरळ माणूस होता. त्याने कागद दोनदा पाहिला. "हिशेब पटतोय. पण दुपारवाले घड्याळ बघणार, बावीस मिनिटं कापली म्हणून दंगा करणार. त्यात कोंडाशेठ. ते ट्रस्टवर आहेत. त्यांनी हो म्हटलं, की लगेच चालू करतो. तुमचे व्याहीच आहेत ना? बोला की."

बोला की! अंबादासला लोकांशी बोलण्यापेक्षा पत्र लिहिणं सोपं वाटायचं. पण व्याह्याला पत्र कसलं लिहायचं? तो कारखान्यात गेला. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून शेठनी त्याला काचेच्या केबिनमध्ये नेलं.

अंबादासने सगळं सांगितलं. दोनदा अडखळला.

"चार तास म्हणजे चार तास," शेठ म्हणाले. "बारा ते चार. कुठल्याही पोराला विचारा."

"शेठ, तुम्हाला मी काय सांगणार? दुपारच्या तासाला कापड जास्त निघतं असं तुम्हीच म्हणता. कापड जास्त निघतं तसंच रक्तही जास्त धुतलं जातं."

काचेपलीकडे टॉवेल विणले जात होते. राजेशमशेठनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून पँटचा पाय वर केला.

"बघा. सूज दिसते?"

"नाही."

"माझ्या मोठ्या भावाला हाच आजार. शेवटचं वर्षभर त्याला आडवं झोपता आलं नाही, छातीत पाणी. खुर्चीत बसून झोपायचा. बसल्या बसल्याच गेला. मी आडवा झोपतो, व्याही. सकाळी उठून पाय बघतो आणि देवाला हात जोडतो. मला वाटायचं, माझा निग्रह. आता तुम्ही म्हणता चोवीस मिनिटं. असतील. पण माझी काढू नका. दुसरं काही मागा."

माणूस खोटं बोलत नव्हता, भीत होता. आणि भिणाऱ्या माणसाशी वाद घालायला जी जाडी कातडी लागते ती अंबादासकडे कधीच नव्हती.

संध्याकाळी पद्मजाचा फोन आला. "अप्पा, काय बोललात तुम्ही मामंजींना? आल्यापासून जेवले नाहीत. सासूबाई म्हणतात, तुझ्या वडलांना आमचं माणूस डोळ्यांत खुपतंय. आईला बरं व्हावं असं मला वाटत नाही का? पण मला या घरात राहायचंय, अप्पा."

"बरं," तो म्हणाला. "मी बघतो."

त्याने बघायचं म्हणजे सोडून द्यायचं, हे पद्मजालाही माहीत होतं.

कलावतीला त्याने त्या दिवशी काही सांगितलं नाही. तिनेच विचारलं. भाकरी थापता थापता विचारलं, मागं वळून न बघता.

"नाही म्हणाले ना?"

"घाबरलेत गं ते."

"आणि तुम्ही?"

"लेकीचं घर आहे. वरच्या ऑफिसला कळवता येईल, पण चौकशी लागायची, सेंटर बंद ठेवायचे महिनाभर. मग सगळेच..."

"कळवू नका," ती म्हणाली. "मी बोलते."

"तू? काय बोलणार?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. "उद्या मला तीनला घेऊन चला."

*

सव्वातीनला दुपारची पाळी भरात होती. आठही खुर्च्या भरलेल्या, कुणी पेपर वाचतंय, कुणी डुलकी घेतंय. ड्यूटी बदलायची म्हणून शेख सिस्टर लवकर आल्या होत्या. त्यांनी कलावतीला अडवलं नाही. अंबादास दारातच थांबला, एक पाय आत, एक बाहेर.

कलावती दर चार पावलांना खुर्च्यांच्या पाठी धरत राजेशमशेठपर्यंत पोचली. स्टूल ओढून बसली. धाप ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. तोवर सगळे जागे झाले होते.

"काय विहीणबाई, आज इतक्या लवकर?"

"तुमच्याशी बोलायचं होतं."

"व्याह्यांनी पाठवलं?"

"त्यांना बोलता आलं असतं तर मी आले असते का?"

कुणीतरी हसलं. अंबादासने मान खाली घातली.

"मिनिटांचं म्हणाल तर..." शेठनी सुरुवात केली.

"मिनिटं नकोत मला."

"मग?"

"तुम्ही रविवारी माझ्या घरात बसून, माझ्या लेकीसमोर म्हणालात, विहीणबाई चोरून पाणी पितात. जिभेवर ताबा नाही. मी चाळीस वर्षं त्या घरात राहतेय. चोरून मी कधी साखर खाल्ली नाही. त्या दिवसापासून माझं पाणी बरणीत मोजतात. मी पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहते आणि सांगते, पितेय. ही काय जगायची रीत झाली?" तिचा आवाज चढला नव्हता, तेवढी ताकदच नव्हती. "तुम्ही मागवाले. कुठल्या तासाला किती कापड पडतं, तुमच्याएवढं कुणाला ठाऊक? हिशेब तुम्हीच करा. करा आणि या सगळ्यांसमोर सांगा, मी पाणी प्यायले होते की नव्हते. तेवढंच पाहिजे. मग बसा तुम्ही चारपर्यंत. मी जाते."

राजेशमशेठ छताकडे बघत होते. त्यांच्या मोकळ्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, माग मोजताना हलायची तशी.

"तुम्ही नव्हता प्यायलात," ते पुटपुटले.

"त्या टोकाच्या खुर्चीला ऐकू गेलं नाही."

"नव्हता प्यायलात, बाई!" ते एकदम मोठ्याने म्हणाले. "तुम्हाला मशीनच कमी पडलं. तुमचा काही दोष नाही. झालं?"

"झालं," कलावती म्हणाली आणि स्टुलाला धरून उठायला लागली.

पण बोललेलं वाक्य राजेशमशेठच्या स्वतःच्याही कानावर पडलं होतं. तिला कमी पडलं. मग ते गेलं कुठे? खोलीतले सातजण आपापल्या नळ्यांकडे बघायला लागले. शेख सिस्टर कापूस हातात घेऊन उभ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन-पस्तीस झाले होते.

शेठनी आपल्या दंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत माझी," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग हात पुढे केला. "सिस्टर, तीन मिनिटांनी काढा. सगळ्यांचीच काढा. ट्रस्टला मी सांगतो." आणि कलावतीला म्हणाले, "बसा विहीणबाई, आता कुठं परत जाता? हीच खुर्ची घ्या."

जाताना ते दारात अंबादासजवळ थांबले. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता. "व्याही, बायको मागवाल्याच्या घरात शोभली असती तुमची." पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. याआधी अंबादासने त्यांना कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

*

चार-पस्तीसला कलावतीची सुई लागली. पडद्यावर बंद करायच्या वेळेची ओळ कोरी होती. तिच्या वर सिस्टरनी घातलं होतं, चार तास.

सिस्टरनी अंबादासला बाहेर काढलं नाही. तो त्याच स्टुलावर बसला. बाहेर पाच वाजून गेले आणि गावाची संध्याकाळ धावायला लागली, ते त्याला खिडकीतून दिसत होतं. शाळेची पोरं खेळायला निघाली होती. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर आया त्यांना हाका मारत होत्या.

"म्हणाले ना ते," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणाले. बरं झालं."

"हो. त्यांचं झालं."

एवढंच म्हणून तिने डोळे मिटले.

अंबादासला आधी वाटलं, दमली. दमण्याचं हे निमित्त आता वर्षभर त्याच्या कामी येत होतं. मग त्याला कळलं. रिक्षात त्याने किती आनंदाने सांगितलं होतं, घड्याळाची चूक! बरणीवर खूण घड्याळाने केली नव्हती. शेठनीही नव्हती केली. त्यांनी रविवारी येऊन एक वाक्य टाकलं आणि गेले. ते उचलून रोज वागवलं ते त्याने. ज्या यंत्राला त्याने कधी विचारलं नाही की तू कुठलं घड्याळ बघतंस, त्याचा आकडा त्याने खरा मानला, आणि समोर पेला घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा शब्द तपासायला ठेवला.

ती झोपली होती. तिच्या कानाशी वाकून हे आत्ताच बोलून टाकावं असं त्याच्या मनात आलं. तिला ऐकू गेलं नसतं, आणि म्हटल्यासारखं झालं असतं. आयुष्यात बऱ्याच गोष्टी त्याने अशाच उरकल्या होत्या. तो ताठ बसला आणि ती जागी व्हायची वाट बघत राहिला.

खिडकीबाहेर दिवे लागले. सिस्टर एकदा येऊन पडदा बघून गेल्या. कलावतीने डोळे उघडले, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"किती वाजले?"

आयुष्यभर हा प्रश्न कुणी विचारला की अंबादासची मान आपोआप घड्याळाकडे वळायची. या वेळी वळली नाही.

"तू पाणी प्यायली नव्हतीस," तो म्हणाला. "मी तुझं ऐकलं नाही. घड्याळाचा काही संबंध नाही त्यात. मी ऐकलं नाही."

नळीतून रक्त जात होतं, येत होतं.

"अजून किती आहे?" तिने विचारलं.

"बरंच आहे."

"मग बसा," ती म्हणाली.